आजी म्हणजे काही महानगरपालिका नाही

डिसेंबरात आम्ही पाच आठवड्यांसाठी नागपूरला आलो होतो, मी, बायको आणि आमची अडीच वर्षांची पोट्टी. प्रतापनगरच्या घरी बॅगा उघडायच्या आधीच शेजारच्या काकू आल्या, लेकीचा गालगुच्चा घेतला आणि बायकोला म्हणाल्या, "कसं करता बाई तुम्ही तिकडं? ना सासू, ना आई. एकटंच वाढून राहिलं बिचारं लेकरू." काकूंच्या मनात वाईट काही नव्हतं, त्या खरंच काळजीनं बोलत होत्या. पण मी नेमका त्याच वेळी स्वयंपाकघरात आईकडं पाहत होतो. कमरेवर माझा पुतण्या, वय पावणेतीन, वजन चांगलं १३ किलो, दुसऱ्या हातानं तव्यावरची पोळी उलटवणं चालू, दोन्ही गुडघ्यांना ते कातडीच्या रंगाचे नी कॅप, आणि वय ६७. काकूंना बिचारं लेकरू दिसलं, मला आई दिसली.

हे "आजी नाही ना तिकडं" नंतर मी लग्नात ऐकलं, बर्डीवर खरेदी करताना ऐकलं, तर्री पोहे खाता खाता शाळेतल्या मित्राकडून ऐकलं, म्हणून म्हटलं एकदा नीट लिहूनच टाकावं. आधीच सांगतो, "तिकडं सगळं भारी अन् इकडं काहीच नाही" टाइपचा एनआरआय मी नाही, तसल्या लोकांचा मलाही कंटाळा येतो. तिकडंही भरपूर वैताग आहे आणि तोही सांगणार आहे. माझं म्हणणं एवढंच की नागपुरात जे काम शहरानं करायला पाहिजे ते आपण आजीच्या गळ्यात घातलंय, आजी ते मुकाट करते म्हणून शहराला कोणी जाब विचारत नाही, आणि वरून हीच आमची कुटुंबव्यवस्था म्हणून आपण मिरवतो.

आम्ही राहतो जर्मनीत, कार्लस्रूहला. तीन लाखांचं गाव, म्हणजे आपल्या हिशेबात तालुक्यापेक्षा थोडं मोठं. (नागपूर आणि कार्लस्रूह यांची युरोपियन युनियनच्या शहरी सहकार्याच्या कार्यक्रमात जोडी लागली होती, हे बऱ्याच नागपूरकरांना माहीत नसते, मलाही तिथं जाईपर्यंत नव्हतं.) जर्मनीतल्या गरम गावांमध्ये त्याची गिनती होते, ऊन ३५ च्या वर गेलं की तिथले लोक हवालदिल होतात आणि मी ऑफिसात मे महिन्यातल्या नागपूरच्या गोष्टी सांगून भाव खातो.

सकाळी आठच्या आत पोट्टीला ट्रामनं कीटात सोडायचं. कीटा म्हणजे आपलं तीन तासांचं प्ले स्कूल नाही, सकाळपासून दुपारी चारपर्यंत जेवण, झोप, खेळ सगळं तिथंच. ट्रामचा मधला दरवाजा रुंद आणि तळ फुटपाथच्या लेव्हलला, बाबागाडी सरळ आत ढकलायची, आणि जुनी पायऱ्यांची ट्राम आलीच तर न सांगता कोणीतरी पुढचं चाक धरते, तोंडावरची माशी पण न हलवता, हसणं वगैरे नाही, पण धरते. घरापासून कीटापर्यंत सलग फुटपाथ आहे. हे लिहिताना मला स्वतःलाच विचित्र वाटते, की माणूस जर्मनीचं कौतुक करायला बसला आणि फुटपाथचं करून राहिला. पण दोन वर्षांच्या लेकराला फुटपाथ म्हणजे काय असते ते तिथं गेल्यावर कळलं. ती चालते. हात सोडून चालते. दगड उचलते, कुत्र्याला नमस्कार करते, डबक्यात उडी मारते, दहा मिनिटांचा रस्ता पस्तीस मिनिटांत पार होतो आणि त्या पस्तीस मिनिटांत मला एकदाही तिला खसकन ओढावं लागत नाही. आता तर तिच्याकडं पेडल नसलेली छोटी सायकल आहे, पायानं ढकलत पळवायची. तिचा मूळ पुरुष म्हणजे १८१७ मधलं पेडल नसलेलं दुचाकी यंत्र, ते बनवणारे द्राइस हे आमच्या कार्लस्रूहचेच. ८ वर्षांपर्यंतच्या पोरांनी सायकल मोटारींच्या रस्त्यावर नाही तर फुटपाथवरून न्यायची असा तिथं वाहतुकीचा नियमच आहे. म्हणजे सरकारनं फुटपाथ बांधताना गृहीतच धरलंय की त्याच्यावर लेकरं असणार.

बाळ झालं तेव्हाही असंच. आम्हाला वाटलं होतं आता तेल कोण लावेल, शेक कोण देईल, आंघोळ कशी घालायची, आम्ही दोघंही तसे मठ्ठच. तर तिथं हेबामे नावाचा प्रकार असतो, म्हणजे सुईणच, पण शिकलेली, लायसन्सवाली, ती घरी येते, बाळ १२ आठवड्यांचं होईपर्यंत तिच्या भेटींचा खर्च इन्शुरन्स देतो. तिनं बायकोचे टाके पाहिले, बाळाचं वजन केलं, मला डायपर बांधायला शिकवलं आणि एकदा बायको नुसती रडत होती तर शेजारी बसून राहिली. शेक नाही दिला, डिंकाचे लाडू नाही आणले, ते खरं आहे. बायकोच्या आईनं कुरियरनं पाठवले, ते कस्टममध्ये दोन आठवडे अडकले.

मग सुट्टी. आई-बाप दोघांनी वाटून घेतली तर मिळून १४ महिने पालकभत्ता मिळतो, आधीच्या पगाराच्या साधारण ६५ टक्के, पण महिन्याला १८०० युरोच्या वर नाही. यात गंमत अशी की एकाच पालकानं घेतली तर १२ महिनेच, उरलेले दोन दुसऱ्यानं घेतले तरच मिळतात, नाहीतर बुडाले. म्हणजे बापाला घरी बसवायची सोय कायद्यातच करून ठेवली. मी दोन महिने घेतले. नागपूरच्या मित्रांच्या ग्रुपवर सांगितलं तर एकानं विचारलं, "काऊन बे, नोकरीवरून काढलं का?" दोन महिने एकटं लेकरू सांभाळलं आणि मग मला कळलं की संध्याकाळी आई इतकी गप्प का असायची.

लहान लेकराचा आवाज हा पण एक विषय आहे. जर्मन लोक आवाजाच्या बाबतीत किती खडूस हे सगळ्यांना माहीत आहे, रविवारी ड्रिल मशीन चालवून दाखवा. पण त्याच लोकांनी २०११ मध्ये कायदा बदलला, की कीटातून किंवा खेळाच्या मैदानातून येणारा लेकरांचा आवाज हा सहसा उपद्रव धरायचा नाही. कारण लोक पाळणाघरांविरुद्ध कोर्टात जायचे. आता आपल्याकडचं पाहा, वरातीतला डीजे रात्री खिडक्या हलवून जाते तेव्हा सगळे झोपेचं सोंग घेऊन पडून राहतात, आणि अपार्टमेंटच्या पार्किंगमध्ये "येथे खेळण्यास सक्त मनाई आहे" ही पाटी.

आता वैताग, म्हणजे माझ्यावर पक्षपाताचा आरोप नको.

१ ऑगस्ट २०१३ पासून जर्मनीत पहिला वाढदिवस झालेल्या प्रत्येक लेकराला पाळणाघरातल्या जागेचा कायदेशीर हक्क आहे. कायद्यात जागा आहे, कीटात नव्हती. बायको पोटुशी असतानाच आम्ही नावं टाकली, एक नाही सात ठिकाणी, तरी लेक १७ महिन्यांची झाल्यावर जागा मिळाली. मिळाली ती फुकट नाही, बर्लिनला फी माफ आहे, आमच्या राज्यात नाही. कीटात माणसं कमी, त्यामुळे सकाळी सातला मेल येतो की आज स्टाफ नाही, एक वाजता घेऊन जा. आणि पहिला हिवाळा तर विचारूच नका, नाक, कान, पोट, परत नाक, लेक आठवडाभर कीटात आणि दोन आठवडे घरी. आजारी लेकरासाठी वर्षाला प्रत्येक पालकाला १५ दिवस वेगळी रजा असते, ती आमची हिवाळ्यातच संपली. एकटेपणा तर आहेच. ताप १०३ आहे, बायको दौऱ्यावर आहे, रात्रीचे दोन वाजलेत, आणि "जरा पाच मिनिटं धर, मी बाथरूमला जाऊन येतो" असं म्हणायला घरात दुसरं माणूस नाही. त्या पाच मिनिटांना पर्याय कोणत्याही सरकारकडं नाही, हे मी लिहून द्यायला तयार आहे.

तर १४ महिन्यांची सुट्टी संपली, कीटाची जागा काही आली नाही, आणि मी तेच केलं जे कोणताही मराठी मुलगा करतो. आईला फोन केला.

आई आली. शेंगेन व्हिसावर १८० दिवसांत जास्तीत जास्त ९० दिवस राहता येते, त्यामुळे तिकडच्या भारतीय घरांमध्ये एक पद्धतच पडली आहे, ९० दिवस इकडची आजी, त्या गेल्या की ९० दिवस तिकडची आजी, शिफ्ट ड्युटी. ३० हजार युरोचा मेडिकल इन्शुरन्स काढायचा, गुडघ्याच्या गोळ्या तीन महिन्यांच्या सोबत द्यायच्या, विमानतळावर व्हीलचेअर मागायची, कारण तिला दोन टर्मिनल चालणं होत नाही, आणि हीच बाई घरी पोचली की तिच्या कडेवर ९ किलोचं लेकरू द्यायचं. अमेरिकेत सहा महिन्यांची शिफ्ट असते म्हणे, तेवढाच फरक. विमानतळावर आम्ही सगळे फोटो काढतो, आजी नातवंडाला भेटायला आली, आजीला युरोप दाखवला. आईनं युरोप पाहिला तो चार शनिवारी. बाकी तीन महिने तिनं कार्लस्रूहमधलं एक मैदान पाहिलं, जिथं हातपंप आहे आणि लेकरं चिखलात लोळतात, आणि ते पाहून ती रोज मला फोन करायची, "अरे हिचे कपडे पूर्ण भरले, कोणी काही म्हणून नाही राहिलं." तिथं एक तुर्की आजी यायची, तीही मुलाकडं आलेली. दोघी बाकावर बसून आपापल्या भाषेत बोलायच्या आणि दोघींचंही समाधान व्हायचं. निघताना त्या बाईनं आईला हातानं विणलेला रुमाल दिला, तो आता प्रतापनगरच्या देवघरात आहे.

पण खरी गोष्ट पुढंच आहे. आई माझ्याकडं आली तेव्हा नागपुरात दादाचं घर बसलं. वहिनी बँकेत आहे, दादाचं काम फिरतीचं, पुतण्या तेव्हा दीड वर्षाचा. आईच्या भरवशावर सगळं चालू होतं, ती सकाळी साडेनऊपासून संध्याकाळी सातपर्यंत त्याला पाहायची. ती गेल्यावर वहिनीची शिल्लक सुट्टी आधी संपली, मग अमरावतीहून वहिनीची आई तीन आठवडे आली, त्यांचंही घर आहे, नवरा आजारी, त्या गेल्या. मग एक बाई लावली ती बारा दिवसांत सोडून गेली. शेवटी वहिनीनं बिनपगारी रजा घेतली. हे मला तेव्हा कोणी सांगितलंच नाही. आईनं नाही, दादानं नाही, या वेळी डिसेंबरात वहिनीनं सहज बोलता बोलता सांगितलं आणि मला जमीन फाटून आत जावंसं वाटलं. दोन खंडांतली दोन घरं एका बाईच्या दोन गुडघ्यांवर उभी होती, आणि ते गुडघे मी ९० दिवसांसाठी उचलून घेऊन गेलो होतो.

फरक मला तिथं दिसला. जर्मनीत जागा नाही मिळाली तर लोक शहराला धरतात. २०१६ मध्ये तिथल्या सर्वोच्च दिवाणी कोर्टानं सांगितलं की पालिकेच्या चुकीमुळे लेकराला जागा मिळाली नाही आणि त्यापायी आईचा पगार बुडाला तर पालिकेकडून भरपाई मागता येते. हे कोर्ट आमच्याच गावात आहे, मी रोज ट्रामनं त्याच्या बाजूनं जातो. लाइपझिगच्या तीन आया होत्या त्या, पालिकेवर केस टाकली त्यांनी. नागपुरात वहिनीचा पगार बुडाला तर ती कोणावर केस टाकेल? सासूवर? तिनं खरंच सासूवर मनातल्या मनात टाकली असेल, आणि माझ्यावरही. शहर या भानगडीत कुठंच नाही.

वहिनीनं हे सांगितलं त्याच्या दुसऱ्या दिवशी मी म्हटलं आपण लेकीला बाबागाडीत घालून बगीच्यात नेऊ, सातशे-आठशे मीटरवर तर आहे. आई म्हणाली, "गाडी कायले नेतो, स्कूटीवर ने." मी हट्टानं नेली. गेटच्या बाहेर सिमेंट रोड, तो घरापेक्षा वीतभर उंच. रोडच्या कडेला गट्टू लावलेले, त्यातले निम्मे बसलेले. फुटपाथ जिथं आहे तिथं तो एवढा उंच की चढायला माझंच पाऊल ताणावं लागते, आणि दर वीस फुटांवर कोणाच्या तरी गेटचा रॅम्प त्याला कापतो, मग डीपी, मग झाड, मग पाणीपुरीचा ठेला (त्याला मी काही म्हणणार नाही, तिथं आम्ही परत येताना थांबलो), मग लावून ठेवलेल्या चार बुलेट. बाबागाडी रोडवर उतरवली तर मागून हॉर्न. दीडशे मीटरवर मी गाडी घडी केली, काखेत मारली, लेक कडेवर घेतली. बगीच्यात पोचलो तर तो बंद, सकाळी आणि संध्याकाळी उघडतो, दुपारी नाही. संध्याकाळी परत गेलो. झोपाळ्याच्या साखळ्या होत्या, पाट नव्हता. घसरगुंडीच्या टोकाला पत्रा वर आलेला. ग्रीन जिम मात्र एकदम चकाचक, तिच्यावर आमच्या लेकीच्या वयाची पाच-सहा पोट्टी लोंबकळत होती आणि एक काका त्यांना हाकलत होते.

लगेच कोणीतरी म्हणेल पैसे कुठून आणायचे, आपला देश गरीब आहे. अरे, याच शहरात वर्धा रोडवर ३.१४ किलोमीटरचा डबल डेकर पूल आहे, खाली रोड, मधात फ्लायओव्हर, त्याच्यावर मेट्रो, २०२२ मध्ये गिनीजमध्ये नाव गेलं त्याचं. मी स्वतः पाहुण्यांना दाखवायला नेतो. मेट्रो तर खरंच मस्त आहे, स्टेशनात लिफ्ट आहे, बाबागाडी थेट डब्यात जाते, लेक खिडकीला नाक लावून बसते. आणि स्टेशनची लिफ्ट खाली उतरली की दार जिथं उघडते तिथून पुढं काय? हवेत तीन मजली रोड बांधणाऱ्या शहराला जमिनीवर चार फूट सपाट जागा देता येत नाही, हे पैशाचं कारण मला पटत नाही. मला वाटते कारण हे आहे की बाबागाडी ढकलणारा मतदार नागपुरात दिसतच नाही. दिसणार कसा? लेकरू आजीच्या कडेवर घरात आहे ना.

पाळणाघराचं तेच. नागपुरात प्ले स्कूल किती आहेत, गल्लीत दोन. बंगल्याच्या भिंतीवर मिकी माऊस, सकाळी नऊ ते बारा, इंग्रजी र्‍हाइम्स, वर्षाच्या शेवटी काळा गाऊन आणि टोपी घालून तीन वर्षांच्या पोट्ट्याचं ग्रॅज्युएशन. (पुतण्याचा गाऊनमधला फोटो आमच्या हॉलमध्ये लागलाय, गोड आहे, मी काही नाही म्हणत.) पण बारा वाजता ते पोट्टं आणायला कोण जाते? गेटवर उभं राहून पाहा कधी, निम्म्या आज्या, पाव आजोबा स्कूटीवर. नऊ ते सहा सांभाळणारं, माणसं शिकलेली, कोणीतरी तपासणी करते अशी जागा पाहिजे असेल तर शोधत बसा. आहेत त्या घरगुती पाळणाघरवाल्या काकू, त्यांच्यातल्या काही फार चांगल्या असतात, पण एका काकूकडं किती लेकरं ठेवायची, पडलं-झडलं तर काय, हे सगळं त्या काकूच्या स्वभावावर.

कायदा नाही असंही नाही. २०१७ मध्ये प्रसूती रजा १२ वरून २६ आठवडे झाली आणि ५० किंवा जास्त कर्मचारी असतील तिथं पाळणाघराची सोय करा असं लिहिलं. आईला दिवसातून चार वेळा तिथं जाता येईल असंही लिहिलं. बघा, आईला. बापाचं नावच नाही, जसं काही लेकरू पाहून त्याला कामात मन लागणार नाही. केंद्र सरकारी बापाला १५ दिवस मिळतात, खाजगीतल्या बापाला कायद्यानं शून्य. आणि ५० माणसांच्या वरची कंपनी म्हणजे मिहानच्या औद्योगिक भागात असेल, इतवारीतल्या दुकानात काम करणाऱ्या, शाळेत कंत्राटावर शिकवणाऱ्या, चार घरी धुणीभांडी करणाऱ्या बाईचं काय? तिच्यासाठी १९७५ पासून अंगणवाडी आहे, ती गल्लीबोळात पोचलेली आहे, खरं तर इतकं मोठं जाळं फार कमी देशांत असेल. पण ती थोडे तास उघडी असते, आणि त्या ताईंच्या डोक्यावर आहार, वजन, लसीकरण, सर्वे, मोबाइलमध्ये एंट्री. आता अंगणवाडीलाच पाळणाघर जोडायची पाळणा योजना केंद्रानं आणली आहे, देशभरात १७,००० करायचं ठरलं. एवढ्या मोठ्या देशात १७,०००. तरी दिशा बरोबर आहे असं मी म्हणेन, आमच्या घरी भांडी घासायला येणाऱ्या ताईंनी तिच्या दोन वर्षांच्या पोरीला ११ वर्षांच्या मोठ्या पोरीवर सोडलंय, तिच्याकडं तर आजीही नाही. कुटुंबव्यवस्थेचं गुणगान करताना ही ११ वर्षांची आजी आपण मोजत नाही.

म्हणून नगरसेवक मतं मागायला दारात आले की मला वाटते लोकांनी त्यांना रोडचं काँक्रीट विचारण्याऐवजी विचारावं की या वॉर्डात नऊ ते सहाचं पाळणाघर कुठं आहे. बगीचा दुपारी का बंद. सोसायटीचा प्लॅन पास करताना लेकरांच्या खेळायची जागा कागदावरच आहे की खरोखर आहे. जर्मनीत बऱ्याच राज्यांत नवीन अपार्टमेंटला खेळायची जागा सोडावीच लागते, तिथं गाडी नाही लावता येत.

संस्कारांचा मुद्दा राहिला. तो मला सगळ्यात जास्त ऐकवला जातो आणि खरं सांगायचं तर सगळ्यात जास्त टोचतोही. आजीच्या हाताखाली भाषा येते, गोष्टी येतात, रामरक्षा येते. बरोबर आहे. आमची लेक "आणखी एकदा" ला "नोखमाल" म्हणते आणि "माझं"ला "माइन्स", तिचं मराठी म्हणजे आम्ही दोघं आणि रोजचा व्हिडिओ कॉल. हिवाळ्यात आमचे चार म्हणजे नागपूरचे साडेआठ, कीटातून आलं की आजीला फोन. आणि त्या फोनवर जी आजी दिसते ना, ती गोष्ट सांगणारी, चिऊ-काऊचे आवाज काढणारी, "तान्ह्या पोळ्याला तुझ्यासाठी लाकडाचा बैल घेऊन ठेवलाय" म्हणणारी, ती पुतण्याला फार कमी मिळते. कारण त्याच्यासमोरची आजी सकाळपासून त्याच्या मागं वरणभाताची वाटी घेऊन पळून पळून दमलेली असते, आणि साडेपाचला ती त्याच्या हातात मोबाइल देते. मी पाहिलं. दोष देऊन नाही राहिलो, मीही दिला असता. गोष्ट सांगायला आजी पाहिजे, शी धुवायला आजीच पाहिजे असं काही नाही. आपण तिला दुसऱ्या कामात एवढं गुंतवलं की पहिलं काम करायला ती उरली नाही.

आणि आपुलकीचं म्हणाल तर नागपूरला तोड नाही. इथं भाजीवाला लेकीला बघून गाजर देते, हॉटेलातला वेटर तिला उचलून मत्स्यालय दाखवून आणते, आपण निवांत जेवतो. कार्लस्रूहमध्ये लोक आधी कुत्र्याकडं बघून हसतात, मग लेकराकडं. लेक परत गेल्यावर पहिले चार दिवस ट्राममध्ये सगळ्यांना हात करत होती, कोणी उचलून घ्यायलाच तयार नाही, तिला समजेना काय बिघडलं. म्हणून तर राग येतो. लेकरांवर एवढा जीव टाकणाऱ्या माणसांचं शहर आहे हे, आणि त्याच्या रोडवर लेकराला वर्षातून एकच दिवस मोकळं चालता येते, तान्ह्या पोळ्याला, लाकडाचा बैल ओढत, तेव्हा गाड्या थांबतात.

आईला मी एका रात्री विचारलं, तुला कंटाळा नाही येत का. ती म्हणाली, "मी नाही म्हटलं तर कोण पाहणार?" हे उत्तर नव्हतं, पण मी पुढं विचारलं नाही. मग वहिनीकडून कळलं की भजनी मंडळाच्या बायका जानेवारीत दोन दिवस शेगावला जात आहेत, आईला तीनदा विचारलं आणि तिन्ही वेळा तिनं नाही सांगितलं.

आम्ही दोघा भावांनी तिला जबरदस्तीनं गाडीत बसवलं. बायको माहेरी होती, वहिनीची बँक, म्हणजे शुक्रवारी घरात आम्ही दोघं आणि ही दोन पोट्टी. सकाळी दहापर्यंत मजा वाटली. बाराला एकानं डाळीचा डबा पालथा केला, दुसरीनं त्यात पाणी ओतलं. दोनला दोघं झोपतील असं वाटलं, एक झोपलं, त्याला दुसरीनं उठवलं. साडेचारला दादा, सहा फुटी माणूस, सोफ्यावर आडवा पडून छताकडं बघत म्हणाला, "बे, आई हे रोज करते?" मी काही बोललो नाही, माझ्या पाठीवर पुतण्या बसला होता.

रात्री नऊला शेगावहून आईचा फोन. मागं टाळ वाजत होते. "जेवले का रे पोट्टे? काय दिलं?" दादानं माझ्याकडं पाहिलं. टेबलावर चिप्सचं रिकामं पाकीट होतं, दोघांच्या हातात बिस्किटं.

"वरणभात," दादा म्हणाला. "पोटभर खाल्लं. तू राहा अजून एक दिवस."